हात भिजू देऊ नकोस

करांदे उकडल्याचा वास आला की मी दवाखान्याची खिडकी लावून घेते. मंदाताईला हे अजिबात पटत नाही. "अख्खं मावळ ह्या वासावर जीव टाकतं आन् तुमी खिडकी लावता," असं म्हणून ती मुद्दाम दार सताड उघडं ठेवते. मंदाताई जवळच्याच माले गावची. पेशंटचे नंबर लावणं, ड्रेसिंग करणं आणि माझ्याआधी पेशंटला रागावून घेणं ही तिची कामं. समोरच्या फाट्यावर कातकरी वाडीच्या बायका रानातून खणून आणलेले करांद्याचे कंद डब्यात उकडून पानावर विकायला बसतात. दिवाळी नुकतीच झालेली असते. भातं कापून झालेली असतात, खाचरांत नुसते खुंट उरलेले असतात आणि ज्याला थोडी ओल सापडली त्यानं त्यातच वाल टाकलेले असतात. सकाळी धरणाच्या पाण्यावरून धुकं उठतं आणि रस्ता ओलांडून थेट माझ्या पायरीपर्यंत येतं. पुण्याहून लोक खास त्याचे फोटो काढायला येतात. सुंदर असतंच ते, मी नाही म्हणत नाही.

याच दिवसांत ट्रक येतात.

ट्रक वीटभट्ट्यांचे. आमच्या भागातली बरीचशी कातकरी घरं कापणी उरकली की भट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. ट्रकमध्ये काय काय चढतं ते मला लहानपणापासून पाठ आहे. ताडपत्र्या, गोधड्या, टोपलीखाली कोंडलेल्या कोंबड्या, एखादं हट्टी कुत्रं आणि जर्मनची कोरी पातेली. ती पातेली आमची. पौडच्या बाजारात अब्बांचं भांड्यांचं दुकान होतं, आणि दिवाळीनंतरच्या या दिवसांना ते 'वाडीचा हंगाम' म्हणायचे. वाडीच्या बायका दुकानात यायच्या, पातेलं उलटं धरून बोटानं वाजवून बघायच्या, कान लावून ऐकायच्या. मी शाळेतून येऊन गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून त्यांची ती परीक्षा बघत असे. अब्बा गमतीनं म्हणायचे, "बाई, पातेलं आहे, तबला नाही." त्या हसायच्या आणि पुढचं पातेलं वाजवायच्या.

तेच दिवस आमच्याकडे ताटं फिरण्याचे. शेजारच्या घरून फराळाचं ताट यायचं, ईदला आमच्याकडून शीरखुर्म्याचं पातेलं जायचं. आलेलं ताट घासूनपुसून परत देताना अम्मी त्यात काहीतरी टाकायचीच. घरात काही नसलं तर मूठभर साखर. रिकामं भांडं कुणाच्या दारात नेऊ नये, एवढंच ती सांगायची, कारण विचारलं तर चिडायची. सगळा पौड असाच वागायचा. त्यामुळं तो ऋतू माझ्या मनात गोड चवीचा होता. ट्रक दिसला की मी हात हलवायचे. आता ट्रक दिसला की मी मागं कोण कोण बसलंय ते बघते, आणि त्याला कारण सोनी आहे.

सोनी पहिल्यांदा आली ती नवरात्राच्या थोडं आधी, पाऊस जाता जाता जो चिडचिड करतो त्या दिवसांत. नवरा घेऊन आला होता. लहानू त्याचं नाव. कुणाची तरी मोटारसायकल मागून आणली होती आणि तिचा डावा हात त्यानं स्वतःच्या दोन्ही हातांवर असा धरला होता, जणू पिकलेलं केळीचं पान. आधी पौडला जाऊन एक्स-रेही काढून आणला होता. मला तो माणूस पहिल्याच नजरेला आवडला, हे सांगून टाकते. "बांधावरनं पडली, बाई," तो म्हणाला. त्याच वेळी सोनी म्हणाली, "न्हाणीत निसरडं झालं हुतं."

माझ्या दवाखान्यात काही खोटे नियम आहेत. प्लास्टर करताना घरच्यांनी आत थांबायचं नाही, हा त्यातला एक. लहानू निमूट बाहेर जाऊन बसला.

एक्स-रे मी उजेडाकडे धरला. माणूस पडतो तेव्हा हात टेकतो आणि मोडतं ते मनगटाशी. सोनीचं मोडलं होतं ते कोपर आणि मनगट यांच्या मधोमध, करंगळीच्या बाजूचं एकच हाड. डोक्यावर येणारा घाव अडवायला हात वर केला की बरोबर ते हाड पुढं येतं. कॉलेजात हे शिकवताना सरांनी काठीची गोष्ट सांगितली होती आणि आम्ही सगळ्यांनी ती वहीत उतरवून घेतली होती. ती काठी कुणाच्या हातात असते हे कुणी विचारलं नव्हतं.

"सोनी, पडताना हात खाली असतो. तुझा वर होता," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं. "तुमाला हाडावरनं कळतं व्हय?"

"कळतं."

"मंग इचारता कशाला?"

मी पट्ट्या पाण्यात भिजवल्या आणि गुंडाळायला लागले. ओलं प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. ती दचकली, मग म्हणाली, "चांगलं वाटतंय." थंडीची नुसती चाहूल होती, पण तिच्या अंगावरच्या पातळाला ती चाहूलसुद्धा भारी होती. मी नेहमीचं सांगितलं. बोटं हलवत राहा, हात गळ्यात ठेव, आणि काहीही झालं तरी हात भिजू देऊ नकोस. पाणी लागलं की प्लास्टर विरघळतं, मग सगळं मुसळ केरात. ती म्हणाली, "बाई, धरणाच्या कडंला ऱ्हातो आमी. पान्यातच जल्म हाय आमचा." तरी तिनं हात जपला. मासे धरायला गेली नाही, मुठे म्हणजे खेकडे धरायला गेली नाही. पुढच्या वेळी आली तेव्हा प्लास्टर तसंच पांढरं होतं.

इथं एक सांगायला हवं, नाहीतर वाचणारे 'त्यांच्यात असतंच हो हे' असं म्हणून मोकळे होतील. मंदाताईसुद्धा तेव्हा हेच म्हणाली होती. त्याआधी काही वर्षं मी जांब्याला दवाखाना चालवत होते. हिंजवडीच्या कंपन्यांच्या शेजारचं गाव, भाड्याच्या खोल्या आणि वर नव्या इमारती. तिथं एक बाई यायची, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. तीसुद्धा जिन्यावरून पडली होती. हाड तेच होतं, करंगळीच्या बाजूचं, मधोमध. फरक एवढाच की तिला जायला माहेर होतं, बँकेत खातं होतं, वकील मैत्रीण होती, आणि पोलिसांना फोन केला असता तर त्यांनी तिला खुर्ची दिली असती. सोनीला मी पोलिसांचं नाव काढलं तेव्हा ती उठूनच उभी राहिली.

"तितं न्हाई. तितं सांगितलं की गाडी वाडीत येती. येकट्या लहानूला न्हाई न्येत, समदं बाप्ये न्येत्यात. मागं खाली कुनाची तरी पान्याची मोटार गेली तवा माझ्या भावाला न्येलं हुतं. त्यानं न्हवती घेतली. आला तवा त्येला चालता येत न्हवतं."

कुठंही चोरी झाली की आधी कातकऱ्यांच्या वाडीत शिरायचं ही पद्धत या लोकांच्या पणज्यापासून चालत आलेली आहे. तिनं मार खाल्ला तर एक माणूस मारतो, तक्रार केली तर सगळी वाडी मार खाते, असा तिचा हिशोब होता, आणि तो चूक आहे असं मला तिला पटवता आलं नाही. मी पुण्यातल्या निवाऱ्याचं सांगितलं. राहायला मिळतं, जेवायला मिळतं, कुणी अंगाला हात लावत नाही. तिनं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "कोंबड्या ठिऊ देत्यात का?" मला हसू फुटलं. ती हसत नव्हती. तिच्या नावावर या जगात ज्या काही वस्तू होत्या त्या टोपलीखाली कुडकुडत होत्या, आणि मी तिला त्या सोडून चल म्हणत होते.

त्यानंतर मी एका प्रशिक्षणालाही जाऊन आले. मोठा गारेगार हॉल, पडद्यावर रंगीत चित्रं. 'पीडितेला सुरक्षित जागी हलवा' असं एका चित्राखाली लिहिलं होतं. मी हात वर करून विचारलं, तिची सुरक्षित जागा तिची वाडीच असेल तर? आई तिथं, भावजय तिथं, जंगल तिथं, भाषा तिथं. शहरातल्या निवाऱ्यात तिची बोली कळणारं एक माणूस नाही. शिकवणाऱ्या बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, चांगला प्रश्न आहे. मग जेवणाची सुट्टी झाली.

लहानूचंही सांगते. एकदा त्याच्या खोकल्यासाठी छाती तपासायला सदरा वर करायला लावला, तर पाठीवर जुने वळ. भट्टीवरचे. मुकादमानं विटांच्या फळीनं मारलं होतं, सगळ्यांदेखत, सोनीदेखत. "तवापास्नं डोकं फिरतं माझं," तो खाली बघून म्हणाला. "प्यालो की तिचंच त्वांड दिसतं, बघत हुती ती तवाचं." मी त्याला दारू सोडायचं औषध दिलं, पौडला एका ठिकाणी पाठवलं, तो एकदा गेलाही. त्याच्यावर चिडायचं की त्याची पाठ शेकायची, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. मी दोन्ही करत असते. त्यानं सोनीचं हाड मोडलं ते मोडलंच.

प्लास्टर दिवाळीनंतर काढायचं होतं. तसं मी म्हटल्यावर सोनी जरा वेळ बोटं हलवत बसली.

"गाडी बी दिवाळीनंतरच येती," ती म्हणाली. "मंग नका काढू."

मला कळेना. तेव्हा तिनं मला भट्टीचं शास्त्र समजावलं. मुकादम माणसं नेत नाही, जोड्या नेतो. बाप्यानं माती तुडवायची आणि साच्यातून विटा पाडायच्या, बाईनं चिखल द्यायचा, ओल्या विटा उलटायच्या, वाहायच्या. एकट्या बाप्याला कुणी घेत नाही. बाईचा हात मोडका असेल तर ती जोडीच नव्हे. "हितं मारलं तर मी वरडते. आय येती, भावजय येती, कुनी तरी हात धरतं त्येचा. तितं समदी दमून मेल्यागत पडल्याली असत्यात. तितं मी वरडत बी न्हाई. गेल्या साली तितं लाथ बसली आन् माझं पोट पडलं." हे सगळं ती भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगत होती. मग म्हणाली, "औंदा गेले तर माघारी यायची न्हाई, बाई. मला ठावं हाय."

मी लहानूला आत बोलावलं. चेहरा शक्य तितका कठोर केला. एक्स-रे उलटा धरून दाखवला, त्याला काय कळणार होतं. हाड जुळलेलं नाही, म्हटलं. होळीपर्यंत प्लास्टर राहील. माती नाही, पाणी नाही, ओझं नाही. नाहीतर हात कापावा लागेल. हाड चांगलं छान जुळलं होतं. जुनं काढून मी नवं, आधीपेक्षा जाडजूड प्लास्टर घातलं. मंदाताई पट्ट्या भिजवून देत होती आणि तोंडातून अवाक्षर काढत नव्हती, यावरूनच तिला किती मजा येतेय ते कळत होतं. लहानू हात जोडून म्हणाला, "तुमी म्हनाल तसं, बाई." शेरास सव्वाशेर मिळाला म्हणून मी त्या दिवशी घरी जाऊन गोड केलं.

ते थोडे दिवस किती चांगले गेले, ते मला आठवू नये असं वाटतं आणि तेच जास्त आठवतात. सोनी सकाळी उन्हाला माझ्या पायरीवर येऊन बसायची. प्लास्टरमध्ये खाज सुटली की खराट्याची काडी घालून डोळे मिटून खाजवायची. सोबत पिंकी असायची, तिची लेक. तिसरीतली, पुढचे दात पडलेले, एक मिनिट गप्प बसणार नाही. तिनं माझ्या टेबलावरचं पेन घेऊन आईच्या प्लास्टरवर एक मोठा खेकडा काढला. आठ पाय मोजून काढले आणि मग नांग्या काढायला जागाच उरली नाही, म्हणून नांग्या पार कोपराच्या मागं गेल्या. सोनी हात वळवून वळवून त्या नांग्या बघायची आणि हसायची. "आता मारायला आला तर ह्योच चावंल त्येला," ती म्हणाली. माझा फोन नंबर पिंकीनंच तिला पाठ करून दिला. आकडे ओळखता येत नसले म्हणून काय झालं, पिंकीनं टाळ्यांवर त्याची चाल बसवली होती. मायलेकी पायरीवर बसून माझा नंबर गात होत्या आणि आतले पेशंट हसत होते. त्या दिवसांत लहानूनं एकदाही हात उचलला नाही. प्लास्टरला घाबरून असेल, किंवा मला.

आणि मग एका दुपारी तो एकटाच आला. पेशंट नव्हते. दारातच उभा राहिला.

"बाई, हाताला चिरा पडत्यात मातीनं. त्येला मलम द्या."

भट्टीवर जायचं रद्द झालंय ना, म्हटलं. तुझ्या हाताला काय झालं?

"माज्या न्हाई." तो तळव्याकडे बघत राहिला. "पिंकीच्या. बारीक हात हायेत तिचं. पयल्या पंधरवड्यात लई सोलवटत्यात. रगत येतं."

तो समजावणीच्या सुरात बोलत होता, जणू मीच लहान मूल होते. मुकादम येऊन गेला होता. जोडी पाहिजे म्हणाला. बायकोचा हात धड नाही तर पोरगी आण, नऊ-दहाची पोरं काय विटा उलटत नाहीत का? इथं राहिलं तर पावसापर्यंत खायचं काय? "मी तिला ओझं न्हाई देनार," लहानू म्हणाला. "निस्त्या विटा उलटायच्या. मलम चांगलं द्या, बाई. गेल्या साली येका पोरीचं बोट पिकलं हुतं."

दुष्ट माणूस समोर असता तर मला बरं वाटलं असतं. बापानं लेकीसाठी मलम मागितलं होतं. आणि मी तोंड उघडून खरं सांगितलं, सोनीचा हात बरा आहे म्हटलं, तर सोनी ट्रकमध्ये. नाही सांगितलं तर पिंकी. मी काहीच सांगितलं नाही. पोरीला नेऊ नकोस, शाळा आहे तिची, गुन्हा आहे हा, असलं काहीतरी बडबडत राहिले. तो ऐकत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "मंग कोन, तुमीच सांगा. तिचा हात तर तुमी बांधून ठिवलाय."

मलम मी दिलं. तो गेल्यावर मुलांसाठी मदत करणाऱ्या दोन ठिकाणी फोन केले. एकीकडे नाव लिहून घेतलं, दुसरीकडे उद्या बघू म्हणाले. मुकादमाचा नंबर मिळवून त्यालाही केला. तो गोड बोलला. पोरगी बापासोबत खेळायला येते, मॅडम, असं म्हणाला. मंदाताईला मी वाडीवर पाठवलं, सोनीला निरोप देऊन की उद्या सकाळी मी येते, आपण मिळून काहीतरी काढू, तोवर पिंकीला आजीकडेच ठेव. मंदाताई परत येऊन म्हणाली, सोनी चुलीपुढं बसली होती, सगळं ऐकलं आणि फक्त "बरं" म्हणाली. काय काढणार होते मी दुसऱ्या दिवशी?

दुसऱ्या दिवशी मी पौडहून निघाले तोवर ट्रक गेला होता. वाटेत तो मला समोरून गेलासुद्धा असेल. धुक्यात सगळे ट्रक सारखे दिसतात. मंदाताई फाट्यावर उभी होती, तिनं बघितलं. सोनी मागच्या बाजूला कोंबड्यांच्या टोपलीवर हात ठेवून बसली होती. डावा हात, उघडा. प्लास्टरमध्ये राहून कातडी पांढुरकी झालेली. शेजारी लहानू. पिंकी ट्रकमध्ये नव्हती. ती खाली आजीचा पदर धरून उभी होती.

जोडी पूर्ण झाली होती.

त्या वर्षी पाऊस आला, वाडी परतली, सोनी आणि लहानू परतले नाहीत. दुसऱ्या मुकादमाबरोबर पुढं कुठंतरी गेले असं कुणी सांगितलं. कर्नाटकात असं एकानं, गुजरातेत असं दुसऱ्यानं. मी सांगून पाहिलं, विचारून पाहिलं, एक-दोन भट्ट्यांवर स्वतः जाऊन आले. विटांच्या रांगा आणि चिखलात माखलेली माणसं, त्यात एक चेहरा शोधायचा. तेव्हापासून मी अनोळखी नंबर कधी कट करत नाही. पेशंटच्या छातीला नळी लावलेली असली तरी उचलते. कर्ज हवंय का म्हणून विचारणारी पोरं असतात, प्लॉट विकणारे असतात. मंदाताई आता चिडवत नाही.

सोनीची आई गुडघे दाखवायला येते. गुडघ्यांना काही झालेलं नाही, म्हणजे वयाला शोभेल एवढंच झालंय. गोळ्या घेते, पदराला बांधते आणि मग विचारते, "फोन?" सोबत पिंकी असते. ती आता सातवीत गेलीय, दात आलेत, बोलणं कमी झालंय. "आईला नंबर पाठ हाय," ती मला दर वेळी सांगते. "मीच शिकिवलाय. ती इसरनार न्हाई." मी म्हणते, हो ग, विसरणार नाही. गेल्या आठवड्यात ती आली तेव्हा दाराच्या चौकटीशी उभी होती आणि मी तिची उंची बघत होते. मुकादमही बघत असेल.

या वर्षी मी कापणीच्या आधीच वाडीवर जाऊन आले. आता जाते दर वर्षी. हाड नंतर बघते, आधी घरात पोरं किती आणि केवढी ते विचारते. बाई बोलली नाही तरी चहा घेते आणि परत येते, पुन्हा जाते. वाडीतल्या चार म्हाताऱ्यांना गाठून ठेवलंय, लहानूसारख्यांचा हात धरायला. पोलिसांचं नाव मी आधी काढत नाही. त्यांनी काढलं तर सोबत जाते आणि खुर्ची मिळेपर्यंत उभी राहते. यानं काय होतं? मागच्या साली एक बाई थांबली, तिच्या भावजयीनं तिला धरून ठेवलं म्हणून. एक थांबली नाही. पिंकीच्या आजीला मी सांगितलंय, ट्रकच्या दिवसांत पोरीला माझ्याकडे पाठव, माझ्या घरी राहील. आजी म्हणाली, "आन् तवाच तिची आय आली तर? पोर कुटं हाय म्हनंल." त्यामुळं पिंकी वाडीतच आहे, आणि समोर फाट्यावर आज सकाळपासून ट्रक उभा आहे.

आता सोनी गेली त्या सकाळचं एकच राहिलं. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा धुकं अजून उतरलं नव्हतं आणि पायरीवर काहीतरी पांढरं पडलं होतं. प्लास्टर होतं. कापलेलं नव्हतं, भिजवून मऊ करून, मग एका बाजूनं उकलून हातातून काढलेलं. एवढं जाड मीच घातलं होतं. ते तसं सुटायला धरणाच्या त्या गार पाण्यात हात घालून ती किती वेळ बसली असेल, कुणास ठाऊक. खेकड्याची शाई पसरून निळी झाली होती, नांग्या तेवढ्या ओळखू येत होत्या. मंदाताईनं ते दोन्ही हातांनी उचललं आणि तसंच माझ्यापुढं धरलं. आत, जिथं सोनीचा हात होता तिथं, उकडलेले दोन करांदे ठेवलेले होते. अजून कोमट होते.